पिशवी खाली ठेवा

आमचे जावई प्रतापराव यांच्याकडे तुम्ही कधी आलात, तर दारातच एक गोष्ट घडेल. तुम्ही बूट काढायला वाकाल, आणि सरळ होईपर्यंत तुमच्या हातातली पिशवी त्यांच्या हातात गेलेली असेल. कधी गेली ते तुम्हाला कळणार नाही. मी सारा जन्म नाटकात काढला, जादूचे प्रयोग करणाऱ्यांबरोबर एका गाडीतून दौरे केले, पण इतक्या सफाईने दुसऱ्याच्या हातातली वस्तू काढून घेणारा माणूस पाहिला नाही. पार्सल घेऊन येणाऱ्याच्या हातून ते शेजाऱ्यांची पार्सलंसुद्धा धरायला घेतात. तो बिचारा सही घ्यायची विसरून जातो.

हे वळण त्यांच्या आईचं, प्रभाताईंचं. मोठं माणूस दारात आलं की आधी ओझं घ्यायचं, मग पाणी द्यायचं, आणि मगच कसे आहात म्हणून विचारायचं. साताऱ्यात लागलेली ही सवय प्रतापरावांनी जर्मनीत वीस-बावीस वर्षं जपली. आणि ह्याच सवयीपायी जर्मन सैन्यात त्यांची जागा जायची वेळ आली होती. ही त्याची हकीकत.

प्रतापराव पन्नाशीला टेकलेले. बॉबलिंगेनमधल्या एका कंपनीत मोटारींच्या ब्रेकवर काम करतात. ब्रेक दाबला की तो किंचाळू नये, एवढं एकच काम. म्हणजे आवाज घालवण्याचा पगार घेणारा माणूस. घरातही तोच गुण. कपाटाचं दार असं लावतात की चोराने शिकवणी लावावी. बोलतात तेही समोरच्याची झोप मोडू नये अशा बेताने. असल्या मुलाचं नाव प्रताप ठेवताना घरच्यांच्या मनात काय होतं, ते प्रभाताईच जाणोत. माझी मुलगी अपूर्वा लग्नाआधी त्यांना पहिल्यांदा भेटून आली, तेव्हा मी विचारलं, मुलगा कसा वाटला. म्हणाली, चांगला वाटला, पण निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. मी म्हणालो, संसाराला निम्मं पुरतं.

मी आणि माझी बायको विभावरी, आम्ही काही वर्षांपूर्वी पुण्यातलं बिऱ्हाड आवरून लेकीकडे राहायला आलो. त्यामुळे पुढचं सगळं मी पहिल्या रांगेत बसून पाहिलेलं आहे, आणि एक प्रवेश तर रंगमंचावरून.

असा मवाळ माणूस सैन्यात कशाला गेला? तर कँटीनच्या टेबलामुळे.

जर्मनीत एके काळी प्रत्येक तरुण मुलाला सक्तीने काही महिने सैन्यात काढावे लागत. ज्याला बंदूक नको असेल त्याने त्याऐवजी इस्पितळात नाहीतर वृद्धाश्रमात सेवा करायची. ती सक्ती थांबली त्याला बरीच वर्षं झाली, पण चाळिशीच्या पुढचा जर्मन पुरुष अजून त्यातून सुटलेला नाही. चौघे जेवायला बसले की तिसऱ्या घासाला कोणीतरी म्हणतो, "बाय उन्स बाइम बुंड..." म्हणजे, आमच्याकडे, सैन्यात असताना. मग दुपार त्याची. प्रतापरावांच्या टेबलावर योखेन नावाचा एक आडदांड सहकारी आहे. त्याने त्याचे महिने उत्तरेकडच्या कुठल्याशा दलदलीत तेलाच्या टाक्या राखण्यात काढले. टाक्यांत तेल नव्हतं. चादरीला सुरकुती दिसली की त्यांचा सार्जंट गादीच खिडकीबाहेर फेकायचा. धुतलेला जिना पुन्हा धुवायला लावायचा, कारण पुढचा हुकूम यायला वेळ होता. दुसरा एक जण वृद्धाश्रमात जेवण वाटायचा. तिथल्या एका आजीबाईंनी त्याला आपला हरवलेला भाऊ ठरवून टाकला होता, आणि रोज त्याच्यावर रुसायच्या. सगळे त्या काळाला शिव्या देतात, आयुष्यातले वाया गेलेले महिने म्हणतात, आणि सांगताना जेवण गार करतात.

मला हे समजतं. ज्या दौऱ्यात गाडी बंद पडली, पेटीवाला पळाला आणि पिठलंसुद्धा मिळालं नाही, त्याच दौऱ्याच्या गोष्टी आम्ही नट मंडळी अजून सांगतो. सगळं वेळेवर झालं त्या दौऱ्याचं कोण काय सांगणार?

प्रतापराव त्या टेबलावर वर्षानुवर्षं "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत मान डोलवत बसले. बरोबर, अगदी बरोबर. स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. पासपोर्ट जर्मन झाला, मुलगी इथे जन्मली, पण त्या तिसऱ्या घासाला ते पाहुणेच राहिले. मग नवा कायदा आला, अठरा वर्षांच्या मुलांना सैन्याकडून प्रश्नावल्या येऊ लागल्या, टेबलावर पुन्हा सगळ्यांच्या गाद्या खिडकीबाहेर पडल्या, आणि योखेन म्हणाला, "प्रताप, तू सुटलास बघ. तुला यातलं काय कळणार!" त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या संध्याकाळी आमटीत मीठ पडलं नव्हतं आणि प्रतापरावांनी ती दोनदा वाढून घेतली. तेव्हाच मी विभावरीला म्हणालो, काहीतरी बिनसलंय.

महिन्याभराने त्यांनी जेवताना जाहीर केलं. म्हणजे भाजीच्या भांड्याला सांगितलं, ते आम्ही ऐकलं. ज्यांनी कधीच सैन्यात नोकरी केली नाही अशांनाही इथे शिकवून राखीव दलात घेतात. शनिवार-रविवार आणि मध्ये एखादा आठवडा शिकायचं. जमलं तर आपल्या भागातल्या तुकडीत जागा मिळते. वेळ आलीच तर पूल, गोदामं, पाण्याच्या टाक्या राखायच्या. त्यांनी अर्ज केला होता, डॉक्टरांनी तपासलं होतं, साहेबाची परवानगीही आली होती.

आमची नात स्पृहा नुकतीच अठरा वर्षांची झालेली. तिलाही ती प्रश्नावली आली होती. मुलींवर उत्तराची सक्ती नाही, म्हणून तिने दिलं नव्हतं, आणि बापाने मात्र कोणी न विचारता देऊन टाकलं. ती म्हणाली, "पापा इस्ट त्सू नेट." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. बाबा यासाठी फार भले आहेत, असं तिचं मत.

अपूर्वा म्हणाली, "प्रताप, बेकरीच्या रांगेत कोणी पुढे घुसलं तर तुला बोलता येत नाही. शत्रूला काय सांगणार तू?"

"शत्रू रांगेत येत नाही ना," प्रतापराव म्हणाले, आणि भात कालवू लागले.

तर प्रतापराव सैन्यात गेले. पहिल्या शनिवारी विभावरीने त्यांच्या हातावर दही घातलं. हिरव्या ठिपक्यांचा गणवेश, पाठीवर बिऱ्हाडाएवढी पिशवी आणि हातावर दही, अशा थाटात ते जिना उतरले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, पाहिलं, आणि पुन्हा लावून घेतलं.

रविवारी परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, काय केलंत? म्हणाले, थांबलो. बुटांसाठी थांबलो. ते आले ते मापाचे नव्हते म्हणून दुसऱ्यांसाठी थांबलो. बस येईपर्यंत थांबलो, ती आल्यावर ड्रायव्हर येईपर्यंत थांबलो. पुढच्या खेपेलाही तेच. बंदूक उघडून पुसायची, जोडायची, पुन्हा उघडायची. जेवायला ब्रेड, आणि प्रतापराव शाकाहारी, म्हणून ब्रेडबरोबर आणखी ब्रेड. बरोबरीचे पोरगे जांभया द्यायचे, मोबाईल बघायचे. एक शिक्षिका होती, ती तिथे बसून मुलांच्या वह्या तपासायची. प्रतापरावांची आपली राग अनावर झाल्याची तक्रार, तीही अशी हळू की रागाला स्वतःला ऐकू जाऊ नये. मला गंमत वाटायची. मी त्यांना सांगितलं, दरबाराच्या प्रवेशात मी कित्येक वर्षं भाला धरून उभा राहिलेला माणूस आहे. राजाला बोलायचं असतं, पहारेकऱ्याला थांबायचं असतं. थांबणं जमलं की निम्मं सैन्य जमलं.

पण उरलेलं निम्मं जमेना. ते म्हणजे दुसऱ्याला थांबवणं.

त्यांना शिकवायला हेबर्ले नावाचे एक जुने सुभेदार होते. त्यांचा जर्मन हुद्दा उच्चारताना माझी कवळी हलते, तेव्हा सुभेदारच म्हणू. लोखंडी चेहऱ्याचा श्वाबी, म्हणजे इथल्याच मुलखातला माणूस. आमच्या ह्या श्वाबी लोकांत कौतुक करायची पद्धत नाही. रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं, असं समजून चालायचं असतं. पहाऱ्याची परीक्षा त्यांनी अशी ठेवली होती: प्रतापराव फाटकावर उभे, आणि नागरिकाचं सोंग घेतलेली माणसं एकेक करून येणार. एकजण बिनओळखपत्राचा, एकजण भांडकुदळ, असे. आल्या माणसाला लांबच थांबवायचं, सामान जमिनीवर ठेवायला लावायचं, मागे सरकवायचं, मगच तपासायचं.

पहिले दोघे निभावले. तिसरे आले एक काठीवाले आजोबा, हातात कापडी पिशवी. प्रतापराव "गुटेन टाग" म्हणत चार पावलं सामोरे गेले आणि त्यांनी आजोबांच्या हातातली पिशवी घेतली. वर, बसता का थोडं, असंही विचारलं. पिशवीत एक घड्याळ होतं आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: बॉम्ब.

नियमाप्रमाणे फाटक, चौकी, ती शिक्षिका, सुभेदार हेबर्ले आणि खुद्द प्रतापराव, सगळे मृत जाहीर झाले. मृतांना गवतावर आडवं पडायला लागतं. पाऊस पडून गेला होता. सुभेदार आडवे पडल्या पडल्या काय म्हणाले ते प्रतापरावांनी आम्हाला सांगितलं नाही.

पुढच्या शिबिरात शेवटची संधी होती. सुभेदारांनी स्पष्ट सांगितलं, तुला सगळं येतं, नेम बरा आहे, नियम पाठ आहेत, पण फाटकावर आवाज निघत नसेल तर फाटक देता येणार नाही. मग ऑफिसात बसून फायली लाव.

हे शेवटच्या संधीचं मला कळलं ते जंगलात. झालं असं की आवाज कमी पडतो एवढं घरी कळल्यावर मी स्वतःहून शिकवणीला उभा राहिलो. घरात सोय नाही. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर खालून चिठ्ठी येते. म्हणून आम्ही सासरे-जावई गावाबाहेरच्या झाडीत जायचो. मी सांगायचो, प्रतापराव, श्वास बेंबीत घ्या. शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलंय, त्याला ऐकू गेलं पाहिजे. ते डोळे मिटायचे, छाती भरायचे आणि म्हणायचे, "हाल्ट?" कोथिंबीर काय भाव विचारल्यासारखं. एकदा जरा बरा सूर लागला, तेवढ्यात वळणावरून एक बाई कुत्रा घेऊन आल्या. कुत्रा थांबला. बाई थांबल्या नाहीत. प्रतापरावांनी दोघांची माफी मागितली.

मग ते एका ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "अप्पा, मला आवाज आहे हो. पण समोर मोठं माणूस आलं की तो खाली बसतो. या खेपेला गेलं तर मी फायली लावणार, आणि त्या मी रोज लावतोच. योखेनला काय सांगू? आमच्याकडे सैन्यात असताना फायली होत्या?"

इतकी वाक्यं त्यांनी सलग बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवटच्या शिबिराचा शनिवार उजाडला. अपूर्वा कामासाठी बॉनला गेलेली, स्पृहा मैत्रिणीकडे. विभावरीने पहाटे उठून थालीपिठं लावली होती, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू केले होते. आता तरी माणूस ब्रेडबरोबर ब्रेड खाणार नाही म्हणून. तीन खणांचा स्टीलचा डबा भरून, कापडी पिशवीत घालून दाराशी ठेवला होता. प्रतापराव दही खाऊन, नमस्कार करून निघून गेले. तासाभराने पाहतो तर डबा दाराशीच.

जगाच्या पाठीवर कुठल्या सैन्याला सासुरवाडीहून डबा जातो, असा विचार आता मनात येतो. तेव्हा आला नाही. विभावरी म्हणाली, तुम्हाला बसचा पास आहे, वेळ आहे, आणि बसून बसून तुमचे गुडघे धरतात. जागा मला ठाऊक होती. प्रतापरावांनीच सांगितलं होतं, या खेपेला सराव छावणीत नाही, दोन गावांपलीकडे खेळाच्या मैदानामागे एक बंद पडलेलं गोदाम आहे, तिथे आहे. मी माझा जुना काळा लांब कोट घातला, गळ्यात मफलर, डोक्यावर लोकरी टोपी, आणि पिशवी घेऊन निघालो.

बसमधून उतरलो. मैदानाच्या कुंपणावर एक फलक होता, त्यावर पुष्कळ जर्मन लिहिलं होतं. बोललेलं जर्मन मला बेताचं कळतं, पण एवढं वाचायला मला चष्मा नव्हे, दुसरा जन्म लागतो. लाल-पांढरी पट्टी एका जागी वाऱ्याने सुटून लोळत होती. मी ती ओलांडून पुढे गेलो.

समोर वाळूच्या पोत्यांचं फाटक होतं आणि फाटकावर शिरस्त्राण घातलेले प्रतापराव. हातात बंदूक. बाजूला घडीच्या खुर्चीवर, हातात पॅड घेतलेला लोखंडी चेहऱ्याचा माणूस, हे सुभेदार हेबर्लेच असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपीपासून बुटापर्यंत नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि पॅडवर काहीतरी लिहिलं. मला नवल वाटलं. मला पाहून सैन्याला कशाचं समाधान?

मग उजवीकडे लक्ष गेलं. झुडपाच्या आडोशाला पिवळी जाकिटं घातलेली तीन-चार माणसं उभी होती. एकजण सफरचंद खात होता. एक बाई ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होत्या. तो काठीवाला म्हातारा जाकीट काढून काठी सावरत होता, आणि मला पाहून चिडून शेजाऱ्याला विचारत होता, हा कोण मध्येच?

आयुष्यभर विंगेत उभा राहिलेल्या माणसाला विंग ओळखू येते. माझी एण्ट्री झाली होती. दुसऱ्याच्या जागी, पण झाली होती.

प्रतापरावांनी मला ओळखलं होतं. शिरस्त्राणाखाली त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी वळून गेलो असतो तर सुभेदारांनी विचारलं असतं, त्याला जाऊ का दिलंस. मी "अहो प्रतापराव, डबा" म्हणून हाक मारली असती तर जर्मन राखीव दलात पुढची वीस वर्षं त्यांचं नाव डबा राहिलं असतं. पाय तर चालतच होते. मग मी ठरवलं, काम करायचं आणि नीट करायचं.

मी पाठीला थोडा बाक दिला, एक पाय ओढायला लागलो.

"हाल्ट," प्रतापराव म्हणाले. कोथिंबीर.

मी कानाला हात लावला आणि चालत राहिलो. सुभेदारांचं पेन पॅडवर टेकलं. आणखी जवळ गेल्यावर मी धाप लागल्यासारखं केलं आणि पिशवी पुढे धरली.

"अहो, जड आहे हो," मी म्हणालो. "जरा धरता का?"

त्यांचा डावा हात बंदुकीवरून सुटला. मी तो हात पाहिला. किती वर्षं तो हात असाच पुढे आला असेल, बाजारातून आलो की, दवाखान्यातून आलो की, विमानतळावर. माझ्या मनात आलं, घेऊ नका. देवा, आज एक दिवस या हाताला वाईट वळण लाव. आणि मी, नटच तो, पिशवी आणखी पुढे केली.

हात हवेत थांबला. परत बंदुकीवर गेला.

"थांबा!"

हा आवाज कुठून आला ते मला आधी कळलंच नाही. जर्मन नव्हता, मराठी होता, बेंबीतून निघाला होता आणि मागच्या मैदानावर फुटबॉल खेळणारी मुलं खेळ थांबवून बघायला लागली होती. "पिशवी खाली ठेवा! मागे व्हा! आणखी मागे!"

मी ठेवली. झालो मागे. बंदूक रोखून धरली होती, तरी 'ठेवा'च म्हणाले हो, 'ठेव' नाही म्हणाले. प्रभाताईंनी ऐकायला हवं होतं.

मग त्यांनी सगळं पाठ केल्याप्रमाणे केलं. मला हात दाखवायला लावले, जोडीदाराला बोलावलं, ती शिक्षिका पिशवी तपासायला पुढे झाली. सुभेदार खुर्चीतून उठले आणि तेही आले. त्यांना मी फार आवडलो असावा. परदेशी म्हातारा, भाषा न येणारा, असं अवघड पात्र कोणी लिहिलं म्हणून ते कागद चाळत होते. शिक्षिकेने डब्याचा वरचा खण उघडला. खमंग वास सुटला. पुठ्ठा नव्हता. खालचा उघडला. लाडू.

सुभेदारांनी मला माझं कार्ड मागितलं. सोंगातल्या प्रत्येकाकडे म्हणे एक कार्ड असतं, त्यावर तो कोण ते लिहिलेलं असतं. मी माझा बसचा पास दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. झुडपातून काठीवाला म्हातारा तणतणत आला आणि म्हणाला, नागरिक क्रमांक चार मी आहे.

शिक्षिकेने डब्याचे खण पुन्हा लावले.

मग सुभेदारांनी प्रतापरावांना विचारलं, "तू या माणसाला ओळखतोस?"

प्रतापराव ताठ उभे राहिले. "यावोल," म्हणजे होय साहेब. "हे माझे सासरे आहेत."

"आणि तू त्यांना पिशवी खाली ठेवायला लावलीस?"

"यावोल."

"हात वर करायला लावलेस?"

"यावोल."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, दूर लोळणाऱ्या पट्टीकडे पाहून पट्टी बांधणाऱ्याच्या नावाने एक शिवी दिली. मग पॅडवर लिहिता लिहिता म्हणाले, "तर मग. हा सराव नव्हता. खराखुरा नागरिक हद्दीत शिरला आणि पहारेकऱ्याने त्याला थांबवलं. जो सासऱ्याला थांबवतो तो कोणालाही थांबवेल." आणि पुढे गेले. रागावले नाहीत. श्वाबी माणसाकडून यापेक्षा मोठी टाळी मिळत नाही.

प्रतापरावांना फाटक मिळालं. मला खुर्ची मिळाली, आणि थालीपिठं सगळ्यांत वाटली गेली. सुभेदारांनी चटणी जिभेवर ठेवली, त्यांचा लोखंडी चेहरा तापून लाल झाला, आणि तरी त्यांनी ती संपवली. जाताना मला विचारलं, वर्षातून एक-दोनदा याल का, काम करायला चांगली माणसं मिळत नाहीत. मी त्यांना माझे जुने फोटो पाठवतो म्हणालो.

प्रतापराव मात्र माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. रविवारी घरी आल्यावर आधी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "अप्पा, माफ करा." मी म्हटलं, कशाबद्दल? "ओरडलो." मी म्हटलं, प्रतापराव, एवढ्या वर्षांत तुमचं एक वाक्य मला पूर्ण ऐकू आलं, त्याची माफी मागू नका. अपूर्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, आता घरातही एकदा तसं ओरडून दाखव. ते जमलं नाही. अजूनही जमत नाही.

सोमवारी कँटीनमध्ये काय झालं ते मला त्यांच्याकडून कळायची आशा नव्हती. ते दिवाळीत कळलं. फराळाला योखेन आणि त्याची बायको यायची होती. बेल वाजली म्हणून मी आणि प्रतापराव दाराशी गेलो. दार उघडलं. योखेन दारभर उभा, हातात वाईनच्या बाटल्यांची पिशवी.

प्रतापरावांचा हात सवयीने पुढे झाला.

योखेनने तो हात पाहिला. त्याने हळूच पिशवी पायपुसण्यावर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि जिन्यापर्यंत मागे सरकला. त्याची बायकोही सरकली. तिलाही गोष्ट माहीत होती म्हणजे. खालच्या बाईंनी दार उघडलं, पाहिलं, आणि पुन्हा लावून घेतलं.

प्रतापराव हसत होते. त्यांनी वाकून पिशवी उचलली, आत काय आहे ते नीट तपासलं, आणि म्हणाले, "बाय उन्स बाइम बुंड..."

"गेनाऊ," योखेन म्हणाला, आणि बूट काढायला वाकला.